पामला अंगठ्याचा कीबोर्ड लावताना: ड्रायव्हर, जोडणी आणि नेहमीच्या अडचणी

अंगठ्यांनी टाइप करायचा छोटा कीबोर्ड पामला, म्हणजे लेखणीने चालणाऱ्या खिशातल्या जुन्या संगणकाला, खटकन बसला, पाम चालू आहे आणि बटणं दाबली तरी पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. नवख्यांची पहिली तक्रार हीच असते. अशा वेळी कीबोर्ड खराब आहे असं लगेच ठरवू नका. ड्रायव्हर, म्हणजे पामला कीबोर्ड ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, टाकलेला नसतो, टाकला असला तर चालू केलेला नसतो, आणि दोन्ही झालं असलं तर कर्सर कुठल्याच रकान्यात नसतो. या छोट्या उपकरणात बटणांपेक्षा सॉफ्टवेअर आणि कनेक्टर जास्त त्रास देतात. म्हणून खालचा क्रमही तसाच ठेवला आहे: आधी मॉडेल जुळवा, मग ड्रायव्हर टाका आणि कीबोर्ड शेवटी लावा.

कुठला पाम, कुठला कीबोर्ड

इथे मुख्यतः पाम एम५००, एम५०५ आणि एम५१५ धरले आहेत. पहिले दोन २००१ मध्ये आले, तिसरा २००२ मध्ये. तिघांच्याही तळाशी युनिव्हर्सल कनेक्टर नावाची जोडणीची जागा आहे. एम१२५ आणि एम१३० यांनाही तोच आहे. पाम कंपनीचा स्वतःचा मिनी कीबोर्ड याच कनेक्टरसाठी होता, आणि इतर कंपन्यांनीही असे अंगठ्याचे कीबोर्ड काढले.

जुन्या वस्तूंच्या बाजारात किंवा ऑनलाइन घेताना ‘पामचा कीबोर्ड’ एवढ्यावर पैसे देऊ नका. पाम थ्री, पाम फाइव्ह, हॅण्डस्प्रिंग व्हायझर आणि सोनी क्लिए यांचे कनेक्टर वेगवेगळे आहेत, आणि एकाचा कीबोर्ड दुसऱ्याला लागत नाही. टंगस्टन टी आणि टी३ यांना युनिव्हर्सल कनेक्टर आहे खरा, पण त्यांचा खालचा भाग सरकतो. एम५०० च्या अंगाला घट्ट बसणारं प्लास्टिक त्यावर नीट बसेलच असं नाही. शिवाय त्यात पाम ओएस ५ ही कार्यप्रणाली आहे, त्यामुळे पाम ओएस ४ साठी लिहिलेला ड्रायव्हर तिथे चालेल याची खात्री नाही. टंगस्टन ई, टी५ आणि टीएक्स यांचा विचारच सोडा, त्यांना हा कनेक्टर नाही.

कीबोर्डचे ढोबळ दोन प्रकार दिसतात. एक पामच्या खाली शेपटासारखा लोंबतो आणि ग्राफिटीची जागा, म्हणजे लेखणीने अक्षरं काढायचा खालचा पट्टा, मोकळी ठेवतो. दुसरा वर चढून तोच पट्टा झाकतो. दुसऱ्या प्रकारात पाम हातात समतोल राहतो आणि खिशातही मावतो. मात्र पट्ट्याच्या बाजूची होम, मेनू आणि फाइंडची चिन्हंही झाकली जातात. ती कामं करणारी बटणं कीबोर्डवर आहेत का, ते फोटोत बघून घ्या. निवड करायची झाली तर शिकणाऱ्याने पहिला प्रकार घ्यावा. काही अडलं तर लेखणी हाताशी राहते.

विकणाऱ्याकडे ड्रायव्हरची फाइल किंवा मूळ सीडी आहे का, हेही विचारा. ड्रायव्हरशिवाय हा कीबोर्ड म्हणजे निव्वळ बटणांची पट्टी. पाम तपासताना पडदा कडेने वर आलेला दिसला किंवा मागचं झाकण फुगलेलं वाटलं, तर आतली लिथियम बॅटरी फुगलेली असू शकते. असा पाम चार्जला लावू नका आणि घेऊही नका.

ड्रायव्हर: कीबोर्ड लावण्याआधी

पूर्वी ही फाइल हॉटसिंकने, म्हणजे पाम संगणकाला जोडून, टाकत असत. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर पामचा मूळ यूएसबी ड्रायव्हर चालत नाही. असीका कंपनीचा ६४ बिटांचा ड्रायव्हर टाकून अनेक जण काम भागवतात, पण नवख्याला ते सांगण्यात अर्थ नाही. एम५०० मालिकेला एसडी कार्डाची खाच आहे, तिचा उपयोग करा.

१. दोन जीबी किंवा त्याहून लहान, साधं एसडी कार्ड घ्या. एसडीएचसी लिहिलेली कार्डं हा पाम वाचत नाही. १२८ किंवा २५६ एमबीचं जुनं कार्ड मिळालं तर उत्तम. सगळा पाम आठ किंवा सोळा एमबीचा, त्याला मोठं कार्ड हवंय कशाला.

२. कार्ड पाममध्ये घाला. ओळखलं नाही तर कार्ड इन्फो हे ॲप उघडा आणि त्याच्या मेनूतून फॉरमॅट करा. त्यावर काही जपायचं असेल तर आधी काढून ठेवा.

३. कार्ड संगणकाला लावा. त्यावर ‘पाम’ नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत ‘लाँचर’ नावाचा फोल्डर असला पाहिजे. नसेल तर तयार करा, नावं अर्थात इंग्रजी स्पेलिंगमध्ये. ड्रायव्हरची पीआरसी (पामच्या प्रोग्रॅमची) फाइल लाँचरच्या आत ठेवा. झिप असेल तर आधी उघडा. झिप तशीच ठेवली तर पामला ती दिसत नाही.

४. कार्ड परत पाममध्ये घाला. होम पडद्यावर कार्डाची यादी आपोआप उघडते आणि त्यात ड्रायव्हरचं चिन्ह दिसतं. इथे घाई होते आणि बरेच जण तिथूनच ते उघडतात. तसं करू नका. कार्डावरून उघडलेलं ॲप पाम तात्पुरतं मेमरीत घेतो आणि बाहेर पडलं की काढून टाकतो. ड्रायव्हरला तर कायम मेमरीत राहायचं असतं. म्हणून मेनूतल्या ॲप विभागात कॉपी निवडा आणि ड्रायव्हर कार्डावरून हॅण्डहेल्डवर, म्हणजे पामच्या स्वतःच्या मेमरीत, घ्या.

५. आता हॅण्डहेल्डवरची प्रत उघडा आणि ‘एनेबल’ची चौकट टिक करा. कळ दाबून धरल्यावर अक्षर परत उमटण्याचा वेग ठरवायची सोय असेल, तर तो सुरुवातीला सगळ्यात मंद ठेवा. अंगठा उचलायला उशीर होतोच.

दुसऱ्या कुठल्या कीबोर्डचा, उदाहरणार्थ घडीच्या मोठ्या कीबोर्डचा, ड्रायव्हर आधीपासून असेल तर तो बंद करा. दोन्ही ड्रायव्हर एकाच पोर्टवर (कनेक्टरच्या वाटेवर) हक्क सांगतात आणि मग कुणालाच तो धड मिळत नाही.

पीआरसी फाइल कार्डावरून पुसू नका. या पामची मेमरी बॅटरीवर जगते. बॅटरी पूर्ण उतरली की नोंदी, पत्ते आणि ड्रायव्हर सगळं जातं आणि पाम कोऱ्या पाटीसारखा उठतो. कार्डावरचं मात्र राहतं.

बसवणं आणि काढणं

पाम बंद करा. सपाट जागेवर पालथा ठेवा आणि कनेक्टरकडे नीट बघा. सोनेरी पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक खाच आहे. कीबोर्डचे प्लास्टिकचे दोन आकडे (हूक) तिथेच अडकतात. कीबोर्ड सरळ रेषेत पुढे सरकवा, दोन्ही बाजूंना सारखा जोर द्या आणि दोन्हीकडून खटका ऐका. एकाच बाजूचा आकडा लागला तर कीबोर्ड बसल्यासारखा दिसतो, पण टोकाच्या पट्ट्या टेकत नाहीत. मग काही वेळा टाइप होतं आणि मधूनच थांबतं. बिघाड शोधत तासभर घालवण्याआधी एवढं बघा.

एम५०० ला बाजूच्या खोबणीत झाकण बसतं. ते मागे वळवल्यावर काही कीबोर्डच्या कडेला आडवं येतं. अशा वेळी झाकण सरकवून काढून ठेवणं बरं.

काढताना दोन्ही बाजूंची बटणं किंवा आकडे एकदम दाबा आणि सरळ खाली ओढा. डावी-उजवीकडे हलवत काढायची सवय लागली की आकडे झिजतात आणि एक दिवस तुटतात. तुटलेला आकडा चिकटवून टिकत नाही.

पहिली अक्षरं

मेमो पॅड उघडा. यादी दिसत असताना कुठलंही अक्षर दाबा, पाम आपोआप नवा मेमो उघडतो आणि ते अक्षर त्यात टाकतो. अक्षर आलं म्हणजे जोडणी ठीक आहे. टू डू लिस्टमध्येही असंच नवं काम सुरू होतं. डेट बुकमध्ये दिवसाच्या पानावर आकडा दाबला तर वेळ ठरवायची चौकट येते, अक्षर दाबलं तर वेळ नसलेली नोंद सगळ्यात वर बसते. ॲड्रेस बुकमध्ये मात्र टाइप केलेलं नव्या पत्त्यात जात नाही. ते शोधाच्या रकान्यात जातं. आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरं दाबली की यादी तिथे पोचते. लेखणीपेक्षा कीबोर्ड खरोखर वेगवान वाटतो तो इथे.

या चार ॲपांच्या बाहेर मात्र आधी रकान्यावर लेखणीने टेकवा, कर्सर लुकलुकू द्या, मग टाइप करा. कर्सर नसेल तर अक्षरं कुठेच जात नाहीत.

पाम दोन्ही हातांच्या मधल्या बोटांवर टेकवा, तर्जन्या मागे वर ठेवा, म्हणजे वरचा भाग पुढे झुकत नाही. बटण अंगठ्याच्या मांसल भागाने दाबलं तर शेजारचंही दाबलं जातं. नखालगतच्या टोकाने दाबा. डाव्या अंगठ्याने डावी अर्धी बटणं, उजव्याने उजवी. मधल्या उभ्या रांगेवर दोघांची टक्कर होते. तिथे कुणाचं राज्य हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका आणि मग बदलू नका.

मोठ्या अक्षरासाठी शिफ्ट दाबून धरायची गरज सहसा नसते. एकदा दाबून सोडा, पुढचं एकच अक्षर मोठं येतं. दोनदा दाबलं की बंद करेपर्यंत सगळी मोठी. आकडे आणि चिन्हं बटणांवर दुसऱ्या रंगात छापलेली असतात, त्याच रंगाच्या फंक्शन बटणाने ती येतात. फोन नंबर लिहिताना फंक्शनही दोनदा दाबून अडकवता येतं का, ते करून बघा. नाहीतर दहा आकड्यांना वीस दाब लागतात.

पाममध्ये मेनूची कामं कमांड आणि एका अक्षराने होतात. कॉपीला सी, कटला एक्स, अनडूला यू, सगळं निवडायला एस. पेस्टला मात्र व्ही नाही, पी. संगणकाच्या सवयीने बोट व्हीकडे जातं आणि काहीच होत नाही, तेव्हा कीबोर्डला दोष देऊ नका. कमांडचं बटण सापडत नसेल तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या ॲपच्या नावावर टेकवा, मेनू उघडतो. ग्राफिटीचा पट्टा झाकलेला असताना ही युक्ती कामाला येते. एडिट मेनूत ‘कीबोर्ड’ निवडलं की पडद्यावरचा कीबोर्डही मिळतो. बाहेरचा कीबोर्ड अडला तर एवढ्यावर वेळ निभावते.

प्रेफरन्सेस या सेटिंगच्या ॲपमध्ये शॉर्टकट्स नावाचं पान आहे. तारखेचा आणि वेळेचा शिक्का टाकणारे दोन-दोन अक्षरी शॉर्टकट तिथे आधीपासून असतात. आपल्या गावाचं नाव, ऑफिसचा पत्ता, वारंवार लागणारी वाक्यं अशी स्वतःची भर घालता येते. कीबोर्डवर शॉर्टकट चिन्हाचं बटण असेल तर अंगठ्यांचे कष्ट बरेच वाचतात.

मराठी लिहायची असेल तर

पाम ओएस ४ मध्ये युनिकोड नाही, त्यामुळे देवनागरी उमटत नाही. रोमन लिपीतच लिहावं लागतं. नंतर संगणकावर त्याचं देवनागरी करायचं असेल तर सुरुवातीपासून एक पद्धत धरा. आयट्रान्स या रोमनमधून देवनागरी लिहायच्या पद्धतीत दीर्घ स्वर दोन प्रकारे लिहिता येतात: मोठं अक्षर वापरून किंवा लहान अक्षर दोनदा लिहून. अंगठ्याच्या कीबोर्डवर दुसरा प्रकार सोपा पडतो. एकच बटण दोनदा दाबणं हे शिफ्ट शोधण्यापेक्षा जलद होतं. ट, ड, ण, ळ यांना मात्र मोठ्या अक्षराशिवाय गत्यंतर नाही.

आणि नेमका इथेच एक घोळ होतो. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करण्याची पामची रीत आहे आणि काही ड्रायव्हर तीच पाळतात. आयट्रान्समध्ये लहान टीचा त होतो आणि मोठ्या टीचा ट. म्हणजे ‘तुम्ही’ने सुरू झालेलं वाक्य संगणकावर ‘टुम्ही’ होऊन बाहेर येतं, ‘दादा’चा ‘डादा’ होतो आणि ‘नाही’चा ‘णाही’. ड्रायव्हरमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करा. येत नसेल तर पहिल्या अक्षराआधी शिफ्ट एकदा दाबून बघा, बऱ्याचदा आपोआप लागलेलं मोठं अक्षर त्याने रद्द होतं.

या पामच्या एका मेमोत साधारण चार हजार अक्षरं मावतात. रोमनमधल्या मराठीचे ते सहाशेच्या आसपास शब्द झाले. त्यापुढे पाम अक्षर घेत नाही. लांब मजकूर असेल तर दुसरा मेमो उघडा आणि पहिल्या ओळीत क्रमांक टाका. यादीत पहिली ओळच नाव म्हणून दिसते.

बॅटरी

या कीबोर्डला स्वतःचे सेल नसतात, तो पामचीच वीज खातो. शिवाय ड्रायव्हर पोर्ट उघडा ठेवतो तोवर वीज जात राहते, तुम्ही टाइप करत असा किंवा नसा. काम झालं की कीबोर्ड काढून ठेवा आणि ड्रायव्हर बंद करा. कीबोर्ड चार्जिंगच्याच कनेक्टरवर बसतो, त्यामुळे तो लावलेला असताना पाम क्रेडलवर (चार्जिंगच्या आणि हॉटसिंकच्या स्टँडवर) ठेवता येत नाही. काही कीबोर्डच्या तळाशी चार्जरची वेगळी खाच असते, पण ती गृहीत धरू नका.

प्रेफरन्सेसमध्ये आपोआप बंद होण्याची वेळ एक मिनिटावर आणा. प्रत्येक दाबाने हे घड्याळ पुन्हा शून्यावर जातं, त्यामुळे लिहिताना पाम झोपत नाही. एम१२५ वर दोन एएए सेल असतात. ते बदलताना नवे सेल आधी हातात घ्या आणि मिनिटाच्या आत घाला. त्याहून उशीर झाला तर मेमरी जाण्याचा धोका आहे.

अडलं तर

हॉटसिंक होत नाही, किंवा पोर्ट वापरात असल्याचा संदेश येतो: ड्रायव्हर अजून चालू आहे. कीबोर्ड काढला म्हणून ड्रायव्हर बंद होत नाही, टिक काढावी लागते. इन्फ्रारेडने बीम करताना अडलं तरी पहिला संशय याच्यावरच घ्या.

काही अक्षरं गाळली जातात किंवा भलतीच येतात: कनेक्टर मळलेला आहे. पाम बंद करा. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या, ओघळणार नाही एवढेच. सोनेरी पट्ट्यांवरून लांबीच्या दिशेने फिरवा, पाच मिनिटं वाळू द्या. कीबोर्डच्या बाजूच्या पट्ट्या स्प्रिंगसारख्या असतात, त्यांच्यावर जोर देऊ नका. पॉलिश पेपर आणि खरखरीत खोडरबर टाळा, सोन्याचा मुलामा निघून जातो. हे अल्कोहोल मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि इतरत्र इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. परफ्यूम किंवा सॅनिटायझर त्याला पर्याय नाही, त्यात चिकट राहणारे पदार्थ असतात. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात पाम आणि कीबोर्ड सिलिका जेलची पुडी घातलेल्या डब्यात ठेवा.

पाम आपोआप हॉटसिंक सुरू करतो: क्रेडलवरचं बटण याच कनेक्टरमधून पामला हाक मारतं. घाम किंवा ओल्या धुळीने पट्ट्या एकमेकींना जोडल्या गेल्या की पामला तीच हाक ऐकू येते. उपाय वरचाच.

पडद्यावर कुणी न टेकवता टेकल्यासारखं होतं: ग्राफिटी झाकणाऱ्या कीबोर्डची कड पडद्याच्या खालच्या काठावर दाब देते आहे. कीबोर्ड काढल्यावर थांबलं तर निदान पक्कं. कडेला आतून कचरा अडकला आहे का बघा. कीबोर्ड काढूनही तसंच होत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये डिजिटायझर उघडून पडद्याची जुळणी नव्याने करा.

ड्रायव्हर टाकल्यावर फेटल एरर येते आणि रीसेट केल्यावर पुन्हा येते: साधा रीसेट इथे उपयोगाचा नाही, कारण पाम उठताना त्याच ड्रायव्हरला पुन्हा जागं करतो. वॉर्म रीसेट करा. लेखणीचं वरचं टोक फिरवून काढलं की आत पिन मिळते. वर सरकवायचं बटण दाबून धरा, मागच्या भोकात पिन हलकेच दाबा, आणि पडद्यावर बोधचिन्ह दिसल्यावर बटण सोडा. आता पाम बाहेरचे ड्रायव्हर न जागवता उठतो. होमवर मेनूतून डिलीट निवडून ड्रायव्हर काढा, मग एक साधा रीसेट द्या. या सगळ्यात चुकूनही पॉवरचं बटण दाबून धरू नका. पॉवर आणि पिन एकत्र म्हणजे हार्ड रीसेट, त्यात सगळा मजकूर पुसला जातो. पाम आधी विचारतो, पण घाबरलेला माणूस नीट वाचत नाही.

एकच बटण मेलं असेल तर कीबोर्डच्या आत रबराखालचा संपर्क मळलेला असतो. मागचे स्क्रू काढून उघडता येतो, पण अडकवायच्या आकड्यांच्या स्प्रिंग उडतात. ते बटण फारसं लागत नसेल तर तसंच चालवून घ्या.

भेटीची वेळ, फोन नंबर, दोन ओळींची नोंद, सामानाची यादी एवढ्यासाठी हा कीबोर्ड उत्तम आहे. रोज पानभर लिहायचं असेल तर याच कनेक्टरचा घडीचा कीबोर्ड शोधा. तो टेबल मागतो, पण दहाही बोटं वापरू देतो.